बिनझाकणाची हवा

पृथ्वीभोवतीच्या हवेला वरून कसलंही झाकण नाही. जमिनीपासून शंभर किलोमीटरवर ती इतकी विरळ होते की तिथून पुढे अवकाश सुरू झालं असं मानायचा प्रघात आहे. मग एवढी मोठी पोकळी डोक्यावर असताना ही हवा निघून का जात नाही? शाळेतल्या मुलांना हा प्रश्न हटकून पडतो आणि ‘गुरुत्वाकर्षणामुळे’ या एका शब्दात तो मिटवला जातो. उत्तर चुकीचं नाही, पण फार अपुरं आहे. चंद्रालाही गुरुत्वाकर्षण आहे, तरी त्याच्यापाशी हवा नाही. शनीच्या टायटन या उपग्रहाची ओढ चंद्रापेक्षाही कमी, पण तिथल्या जमिनीवर हवेचा दाब आपल्या दीडपट आहे. शुक्र पृथ्वीपेक्षा थोडा लहान, तरी त्याच्या पृष्ठभागावरचा दाब आपल्या नव्वदपटीहून जास्त. एकट्या गुरुत्वाकर्षणाने हा हिशोब लागत नाही.

तो लावायची किल्ली ज्या लेखात होती, तो लेख मुंबईत लिहिला गेला होता. जॉन जेम्स वॉटरस्टन हा एडिंबरोचा तरुण ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातल्या कॅडेटांना शिकवण्यासाठी १८३९ साली मुंबईला आला आणि १८५७ पर्यंत इथे राहिला. १८४५ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे एक दीर्घ लेख पाठवला. वायू म्हणजे सतत धावणाऱ्या, एकमेकांवर आदळणाऱ्या कणांचा समुदाय. उष्णता म्हणजे त्या कणांची धाव. आणि वेगवेगळे वायू एकत्र असतील तर हलके कण जास्त वेगाने आणि जड कण कमी वेगाने धावतात, असं त्यात गणितासह मांडलेलं होतं. परीक्षकांनी तो लेख छापण्यालायक नाही असं ठरवलं. वॉटरस्टनने स्वतःकडे प्रत ठेवली नव्हती, आणि सोसायटीच्या रिवाजानुसार हस्तलिखित परत मिळालं नाही. १८८३ साली तो एडिंबरोतल्या घरातून बाहेर पडला तो परतलाच नाही. लॉर्ड रॅले यांना १८९१ मध्ये तो लेख सोसायटीच्या दप्तरात सापडला आणि १८९२ मध्ये तो छापला गेला. तोवर क्लॉसियस, मॅक्सवेल आणि बोल्टझमन यांनी तोच सिद्धांत स्वतंत्रपणे उभा केला होता. मुंबईच्या विज्ञानाच्या इतिहासात वॉटरस्टनचं नाव ठळक अक्षरांत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. हवेच्या टिकण्या-न टिकण्याचा सगळा विचार त्याच्या त्या एका वाक्यावर उभा आहे: हलकं ते वेगवान.

आता हवेकडेच पाहू. पोकळी काही ओढून घेत नाही. रेणू जिथे जातो तिथे स्वतःच्या वेगाने जातो. सत्तावीस अंश सेल्सिअसच्या हवेत नायट्रोजनच्या रेणूचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ४७५ मीटर असतो. वाटेत कुणाचा अडथळा नाही असं समजून या वेगाचा रेणू सरळ वर सोडला, तर तो साडेअकरा किलोमीटरवर जाऊन थांबेल आणि खाली परतेल. हा आकडा पहिल्यांदा मांडून पाहिला तेव्हा मी थक्क झालो, कारण हवेचा तीन चतुर्थांश भाग नेमका एवढ्याच उंचीच्या आत असतो. म्हणजे वातावरणाची जाडी हीच मुळी रेणूंच्या धावेची उंची आहे. उलटा प्रश्नही तितकाच खरा आहे: गुरुत्वाकर्षण ओढतंय तर सगळी हवा जमिनीवर पडून का राहत नाही? उष्णतेमुळे. सगळी हवा गारठवून खाली बसवली तर पृथ्वीभर जेमतेम दहा मीटर जाडीचा थर होईल. वजन तिला खाली दाबतं, उष्णता तिला वर उचलून धरते, आणि प्रत्येक थर आपल्या डोक्यावरच्या थराचा भार पेलतो. म्हणूनच कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, उभं राहिलं की वातावरणाचा सुमारे सहावा हिस्सा आपल्या पायाखाली राहिलेला असतो.

पृथ्वीपासून कायमचं सुटायचं तर वेग हवा सेकंदाला ११.२ किलोमीटर. याला मुक्तिवेग म्हणतात. नायट्रोजनच्या सरासरी वेगाच्या तो जवळजवळ चोवीसपट आहे. सगळेच रेणू सरासरीने धावत नाहीत. काही फार मंद असतात, काही फार चपळ. पण चोवीसपट चपळ रेणू सापडण्याची शक्यता एकावर तीनशे शून्यं ठेवून येणाऱ्या संख्येत एक, इतकी कमी आहे. सगळ्या वातावरणातले रेणू मोजले तरी ती संख्या एकावर चव्वेचाळीस शून्यं एवढीच भरते. थोडक्यात, असा एकही रेणू नाही.

शिवाय जमिनीजवळच्या रेणूला वेग असून उपयोग नाही. एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकंही अंतर न कापता तो दुसऱ्यावर आदळतो, आणि हे सेकंदाला अब्जावधी वेळा घडतं. लाह्या फुटताना कढईच्या तळातली लाही कितीही जोरात उसळली तरी वरच्या लाह्यांवर आपटून आतच राहते. बाहेर उडते ती सगळ्यात वरची. वातावरणाचा तो सगळ्यात वरचा थर साधारण पाचशे किलोमीटर उंचीवर आहे. तिथून वर गेलेल्या कणाला दुसरा कण सहसा भेटतच नाही. त्या थराला बाह्यांबर म्हणतात, आणि सुटकेचा निकाल तिथे लागतो. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे तिथलं तापमान हजार केल्व्हिनच्या आसपास असतं. त्या तापमानाला हायड्रोजनच्या हजार अणूंपैकी दोन-तीन मुक्तिवेगाच्या पलीकडे असतात. सोळापट जड ऑक्सिजनच्या अणूंमध्ये असा एकही सापडत नाही. आयरिश शास्त्रज्ञ जॉर्ज जॉनस्टन स्टोनी यांनी, ज्यांनी इलेक्ट्रॉनला त्याचं नाव दिलं, १८९० च्या दशकात या दिशेने ग्रहांच्या वातावरणाचा हिशोब मांडला. पुढे जेम्स जीन्स यांनी त्याला पक्कं गणिती रूप दिलं. एक ढोबळ नियम तेव्हापासून चालत आला आहे: मुक्तिवेग सरासरी वेगाच्या सहापट असेल तर तो वायू ग्रहाच्या आयुष्यभर टिकतो.

तेव्हा हवा निसटत नाही असं म्हणणंच बरोबर नाही. ती निसटते. पृथ्वीवरून दर सेकंदाला सुमारे तीन किलो हायड्रोजन आणि पन्नास ग्रॅम हेलियम अवकाशात जातो. अपोलो १६ च्या अंतराळवीरांनी एप्रिल १९७२ मध्ये जॉर्ज कॅरदर्स यांनी बनवलेला कॅमेरा चंद्रावर उभा करून पृथ्वीचं अतिनील प्रकाशातलं चित्र टिपलं, तेव्हा तिच्याभोवती पसरलेली हायड्रोजनची प्रभा स्पष्ट दिसली. सोहो यानाच्या नोंदींवरून २०१९ मध्ये कळलं की ही प्रभा सव्वासहा लाख किलोमीटरांपर्यंत, म्हणजे चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे, पोहोचते. ते अंतराळवीर पृथ्वीच्याच वातावरणाच्या काठात उभे होते.

हेलियमची साक्ष मला सगळ्यात बोलकी वाटते. या मूलद्रव्याची पिवळी रेषा पहिल्यांदा दिसली ती १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात, आपल्याच देशात. त्या ग्रहणासाठी गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होते आणि पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल. पृथ्वीवर मात्र हेलियम सापडायला १८९५ उजाडावं लागलं. विल्यम रॅमसे यांना तो युरेनियमच्या एका खनिजात मिळाला. आता गंमत पाहा. युरेनियम आणि थोरियम यांच्या ऱ्हासातून जमिनीत हेलियम सतत तयार होतो आणि हळूहळू हवेत येतो. पोटॅशियमच्या ऱ्हासातून अरगॉन तसाच येतो. दोघेही उदासीन वायू; कुणाशी संयोग करत नाहीत, पाण्यात किंवा खडकात अडकून बसत नाहीत. अरगॉन साचत साचत आज हवेचा जवळजवळ एक टक्का झाला आहे. हेलियम मात्र दर दहा लाख भागांत फक्त पाच. साडेचार अब्ज वर्षं जमा झालेला हेलियम गेला कुठे? वर, आणि बाहेर. त्याला नुसती उष्णताही पुरत नाही. बराचसा हेलियम विद्युतभारित होऊन ध्रुवांवरच्या उघड्या चुंबकीय रेषांवरून निघून जातो.

हायड्रोजनचं प्रकरण थेट आपल्या जिवाशी येतं, कारण तो पाण्यातून येतो. पाण्याची वाफ उंच गेली की अतिनील किरण तिचे तुकडे करतात, आणि सुटा झालेला हायड्रोजन परत येत नाही. समुद्राचं एवढं पाणी सूर्याखाली उघडं असताना ते असं उडून का गेलं नाही? याचं उत्तर विषुववृत्तीय पट्ट्यात सतरा किलोमीटरवर आहे. तिथलं तापमान शून्याखाली ऐंशी अंशांच्या आसपास असतं. पावसाळी ढग कितीही उंच चढो, त्या थंडीत वाफेचं बर्फ होतं आणि ते खाली येतं. त्या थराच्या वर दहा लाखांत चार-पाच भाग एवढीच वाफ उरते. म्हणजे बाहेर जाण्याचा दरवाजा उघडा आहे, पण तिथवर पोहोचणारा माल फारच थोडा. हायड्रोजन किती निसटणार हे बाह्यांबरातली उष्णता ठरवत नाही, खालून होणारा पुरवठा ठरवतो, हे डोनाल्ड हंटन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं. आजच्या वेगाने समुद्र संपायला दीड लाख कोटी वर्षं लागतील. विश्वाचं आजवरचं वय त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. गुरुत्वाकर्षणाला मिळणाऱ्या श्रेयातला निम्मा वाटा या गार थराला द्यायला हवा, असं माझं मत आहे.

शुक्रावर हा थर पाणी रोखू शकला नाही. तिथे उष्णतेने वाफ उंच चढत गेली आणि हायड्रोजन निघून गेला. पुरावा शुक्राच्या हवेतच आहे: साध्या हायड्रोजनच्या तुलनेत दुप्पट जड हायड्रोजनचं, म्हणजे ड्यूटेरियमचं, प्रमाण तिथे पृथ्वीच्या शंभरपटीहून जास्त आहे. १९७८ साली तिथे पोहोचलेल्या पायोनियर व्हीनस मोहिमेच्या मापनांतून हे उघड झालं. हलका गेला, जड मागे राहिला. जड कार्बन डायऑक्साइडला मात्र कुठेच जाता आलं नाही.

इथे एका लाडक्या समजुतीबद्दल बोलायलाच हवं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र म्हणजे हवेचं कवच, ते गेलं म्हणून मंगळाची हवा गेली, असं सर्रास लिहिलं जातं. पण शुक्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाहीच, आणि हवा तर आपल्या कितीतरी पट. क्षेत्र सौर वाऱ्याला अडवतं हे खरं, पण ध्रुवांवर ते आयनांना वाटही करून देतं. मंगळाच्या दुर्दशेत क्षेत्र विझण्याचा हात असेल. मूळ दुखणं त्याचा लहान आकार आहे.

मंगळाचा मुक्तिवेग फक्त पाच किलोमीटर. त्याच्या वरच्या हवेत ऑक्सिजनच्या विद्युतभारित रेणूला इलेक्ट्रॉन भेटला की रेणू फुटतो आणि दोन्ही अणू जोरात फेकले जातात. तो जोर मंगळावरून सुटायला पुरतो. पृथ्वीवर तोच अणू खाली परततो. २०१३ च्या भाऊबीजेला, ५ नोव्हेंबरला, श्रीहरिकोट्याहून मंगळयान निघालं, आणि तेराच दिवसांनी अमेरिकेचं मेव्हन. दोन्ही यानं सप्टेंबर २०१४ मध्ये दोन-तीन दिवसांच्या फरकाने मंगळाच्या कक्षेत शिरली. मंगळयानावरच्या ‘मेन्का’ या उपकरणाला मंगळाच्या बाह्यांबरात अपेक्षेपेक्षा जास्त ऊर्जेचे अरगॉन अणू आढळले. मेव्हनने अरगॉनच्या दोन समस्थानिकांचं प्रमाण मोजलं, आणि त्यावरून २०१७ मध्ये हिशोब निघाला की मंगळाने आपला सुमारे दोन तृतीयांश अरगॉन अवकाशात गमावला आहे. अरगॉन ना खडकात मुरतो ना बर्फात, त्यामुळे या आकड्याला पळवाट नाही. आज मंगळावरचा हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

आता चंद्र आणि टायटन यांचं कोडं सुटतं. दोघांचे मुक्तिवेग जवळजवळ सारखे, अनुक्रमे २.४ आणि २.६ किलोमीटर. पण दुपारी चंद्राची जमीन शंभर अंशांच्या वर तापते. तिथे नायट्रोजनच्या वेगाला मुक्तिवेग जेमतेम साडेचारपट पडेल. टायटनवर शून्याखाली १७९ अंशांची थंडी. तिथे तोच रेणू इतका मंदावतो की मुक्तिवेग दहापट होतो. वॉटरस्टनच्या लेखातलं गणित सूर्यापासून दीड अब्ज किलोमीटरवर असं लागू पडतं.

हाच प्रश्न आता दुसऱ्या ताऱ्यांच्या ग्रहांना विचारला जातो आहे. एचडी २०९४५८ या ताऱ्याला चिकटून फिरणाऱ्या महाकाय ग्रहावरून हायड्रोजन निसटताना २००३ मध्ये हबल दुर्बिणीने पकडला. खडकाळ ग्रहांचं काम जास्त अवघड. ट्रॅपिस्ट-१ हा लहानसा लाल तारा आपल्यापासून सुमारे चाळीस प्रकाशवर्षांवर आहे, आणि त्याला पृथ्वीएवढाले सात ग्रह आहेत. असे तारे अतिनील आणि क्ष-किरणांचा मारा फार करतात, त्यामुळे जवळच्या ग्रहांची हवा टिकणं कठीण. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये त्यातला सर्वांत आतला ग्रह पाहिला, तर तिथे दाट वातावरणाची खूण मिळाली नाही. दुसऱ्यावर शुक्रासारखी कार्बन डायऑक्साइडची जाड हवा नाही, हेही स्पष्ट झालं. उरलेल्या पाचांपैकी काहींवर पाणी द्रवरूपात राहू शकेल इतपतच ऊन पडतं. त्यांच्यावर हवा उरली आहे की नाही, याचा शोध वेब आता घेते आहे.