अख्खं गाणं ऐकणारा कॅमेरा

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट मी घरी पाहिला होता. त्यातल्या शाहीर शीतल साठेचा आवाज डोक्यातून जाईना, म्हणून तो एका वस्तीत लागतोय कळल्यावर मुद्दाम गेले. पडदा बांधून झाला, सतरंज्या भरल्या. प्रोजेक्टर जोडणारा कार्यकर्ता म्हणाला, ‘‘ताई, शूटिंगच 14 वर्षं चाललंय. तीन तास तर बसायलाच पाहिजे.’’

चित्रपटाच्या मुळाशी आहे 11 जुलै 1997. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, 10 जण गेले. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. तिथून निघालेला कॅमेरा पुण्याच्या कबीर कला मंच या सांस्कृतिक गटापाशी पोचतो.

मंचाची शीतल उभी राहते. डफ वाजतो, आवाज टिपेला चढतो, आणि पटवर्धन घाईनं दुसरीकडे वळत नाहीत. एवढ्याचसाठी मला हे काम मोठं वाटतं. माहितीपटांत गाणं बहुधा दोन मुलाखतींच्या मधली जागा भरायला येतं. इथे तेच म्हणणं मांडतं: जात, बाईचं जगणं, भाकरी. माझ्या शेजारची आजी प्रत्येक कडव्याला मान हलवत होती. पथनाट्यात उभं राहून कमावलेला आवाज मागच्या रांगेपर्यंत कसा पोचतो, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ही 14 वर्षं नुसत्या चिकाटीची नव्हेत, ऐकत राहण्याची आहेत.

मग नक्षलवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप झाला, यूएपीए हा बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायदा लागला आणि मंचाचे कलाकार भूमिगत झाले. शीतल पडद्यावर नाही; तिची आई बोलते. लेक कुठे आहे ते ठाऊक नसलेल्या त्या आईसमोर अख्खी वस्ती गप्प होती.

चित्रपट 2011 चा. पुढचं त्यात नाही. 2 एप्रिल 2013 ला गरोदर शीतल पती सचिन माळीसह विधानभवनासमोर आली. ही शरणागती नाही, सत्याग्रह आहे, असं दोघांनी सांगितलं. तिला जूनमध्ये उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. सचिनच्या जामिनाला मात्र 2017 उजाडलं.

कागदोपत्री ती आरोपी असेल. या चित्रपटात ती शाहीर आहे, आणि मला तीच ओळख खरी वाटते. तुमच्या जवळपास कुठे हा चित्रपट लागला तर जा. मोबाइलवर तुकडे पाहू नका. गाणी पूर्ण ऐका.