लहान मुलांचे शिबिरशिक्षण

लहान मुलांचे शिबिरशिक्षण म्हणजे साधारणतः पाच ते दहा वर्षे वयाच्या मुलांना डोंगरात, रानात किंवा नदीकाठी मुक्काम करण्याची प्राथमिक कौशल्ये आणि तेथे स्वतःचा जीव सांभाळण्याचे नियम शिकवणे होय. तंबू उभारणे, गाठी मारणे, चूल मांडणे ही या शिक्षणाची प्रसिद्ध अंगे असली, तरी या वयात त्यांचे स्थान दुय्यम आहे. वाट चुकल्यास जागेवर थांबणे, पाण्याजवळ एकट्याने न जाणे आणि काही चावले, लागले वा दुखले तर ते लगेच मोठ्यांना सांगणे, या तीन सवयींवर मुलाची सुरक्षितता प्रामुख्याने अवलंबून असते.

पार्श्वभूमी

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले. बालवीर चळवळीचा आरंभ या शिबिरापासून मानला जातो. पुढे धाकट्या मुलांसाठी १९१६ मध्ये स्वतंत्र शाखा निघाली आणि तिच्यासाठी रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘द जंगल बुक’ (१८९४) मधील मोगली व लांडग्यांच्या कळपाचे कथाविश्व स्वीकारण्यात आले. या कथांची भूमी नागपूर जिल्ह्याला लागून असलेल्या सिवनी भागातील आहे. भारत स्काऊट्स आणि गाईड्स (स्थापना ७ नोव्हेंबर १९५०) या संस्थेत या वयोगटातील मुलांना ‘कब’ व मुलींना ‘बुलबुल’ म्हणतात.

सह्याद्रीतील वाड्यावस्त्यांवरील मुलांना यातील पुष्कळसे ज्ञान गुरांमागे हिंडताना आपसूक मिळते. शिबिराची गरज आहे ती मुख्यतः शहरी मुलांना.

वाट चुकल्यास

या विषयावरील सर्वांत परिणामकारक शिकवण एका दुर्घटनेतून निर्माण झाली. फेब्रुवारी १९८१ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन डिएगोजवळील पॅलोमार पर्वतावर नऊ वर्षांचा एक मुलगा कुटुंबीयांपासून चुकला. मोठी शोधमोहीम होऊनही तो जिवंत सापडला नाही. या शोधात सहभागी असलेले माग काढण्यातील तज्ज्ञ ॲब टेलर यांनी सहकाऱ्यांसह ‘हग अ ट्री’ हा उपक्रम सुरू केला. हरवल्याचे लक्षात येताच मुलाने जवळचे एक झाड धरून तेथेच राहावे, असे त्याचे सूत्र आहे. चालत राहणारे मूल शोधकांनी आधीच पाहिलेल्या भागात शिरू शकते. शिवाय शोधाचे क्षेत्रही वाढत जाते. मुलाने जवळ शिट्टी आणि अंगावर घेता येईल अशी मोठी प्लास्टिकची पिशवी बाळगावी, असेही या उपक्रमात सांगतात. पिशवीच्या बंद बाजूस चेहऱ्यापुरते भोक आधीच पाडून ठेवावे लागते, अन्यथा गुदमरण्याचा धोका असतो.

याच शिकवणीचा एक भाग बहुधा दुर्लक्षिला जातो. हरवलेली मुले कधी कधी शोधकांच्या हाकांना ओ देत नाहीत. अनोळखी माणसाशी बोलू नये हे त्यांना शिकवलेले असते, आणि घरचे रागावतील ही भीतीही असते. म्हणून ‘हरवलास तरी कोणी रागावणार नाही’ हे निघण्यापूर्वीच स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. सापडलेल्या मुलाला आधी धपाटा आणि मग जवळ घेणे, ही अनेक घरांतील रीत या शिकवणीच्या थेट विरुद्ध आहे.

सह्याद्रीत हा नियम थोडा बदलून शिकवणे आवश्यक ठरते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात. अशा वेळी एकाकी उंच झाडाखाली थांबणे प्राणघातक ठरू शकते. म्हणून ‘झाड धर’ यापेक्षा ‘जागा सोडू नकोस’ हे मुलाच्या मनावर ठसवावे आणि विजांच्या वेळचा अपवाद वेगळा समजावून द्यावा. ओढ्याच्या कडेने उतरत गेल्यास गाव लागते, हा काही पुस्तकांतील सल्लाही येथे धोक्याचा आहे. घाटमाथ्यावरचे अनेक ओढे अचानक कड्यावरून खाली कोसळतात.

पाणी आणि विस्तव

नदीतील डोह, गडांवरील शेवाळलेल्या पायऱ्यांची टाकी आणि निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात आहेत तसे रांजणखळगे लहान मुलांना खेळण्याच्या जागा वाटतात. मोठ्या माणसाचा हात पोहोचेल एवढ्या अंतरावर तो असल्याखेरीज पाण्याकडे जायचे नाही, या नियमाला पोहता येणाऱ्या मुलांसाठीही सवलत नसते. पिण्याचे पाणी खळखळून उकळल्यावर निदान एक मिनिट तसेच ठेवावे. भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये राखीव वनात विस्तव पेटवण्यास निर्बंध असल्याने चुलीचा धडा शाळेच्या मैदानावर देणेच इष्ट. कड्यांवरील आग्या मोहोळाच्या माश्याही धुराने चवताळतात.

साप आणि विंचू

नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे महाराष्ट्रातील प्रमुख विषारी साप होत. दगडाखाली, बिळात वा पाचोळ्यात हात घालू नये, रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकू नये आणि बूट झटकून मगच घालावेत, हे मुलांना पाठ असले पाहिजे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तिचा दंश जवळजवळ वेदनारहित असतो. त्यामुळे मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचणे महत्त्वाचे. पहाटे मुलाने पोटात दुखते म्हणून सांगितले, पापण्या जड दिसल्या किंवा बोलणे अडखळले, तर ते जागरणावर न ढकलता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. दंशाची जागा कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे टाळावे. तो अवयव हलू न देता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

कोकणातील लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या हृदयावर परिणाम करतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा वापर सुरू केल्यानंतर त्यातून होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. दंश झालेल्या मुलाला डॉक्टरकडे नेण्यास विलंब करू नये. ‘विंचूच तर आहे’ हे वाक्य शिबिरप्रमुखाच्या तोंडी शोभत नाही.

शिकवण्याची पद्धत

या वयातील मुलांना सूचनांची यादी ऐकवून उपयोग होत नाही. प्रत्येक गोष्ट करून घ्यावी लागते. शाळेच्या आवारात ‘हरवण्याचा खेळ’ घेतात: ठरलेल्या खुणेला मूल जागीच बसते, तीनदा शिट्टी वाजवते आणि हाक ऐकताच उत्तर देते. एक रात्र अंगणात किंवा गच्चीवर तंबूत काढल्यास अंधाराचे भय बरेच ओसरते. निघण्यापूर्वी मुलाच्या बुटाच्या तळव्याचा ठसा कागदावर घेऊन ठेवण्याची पद्धत माग काढताना उपयोगी पडते. प्रत्यक्ष शिबिरात मुलांच्या जोड्या लावतात. जोडीदाराला सोडून लघवीलाही जायचे नाही, असा दंडक असतो. वाट बदलताना, पाण्यावरून परतताना, जेवणापूर्वी आणि झोपण्यापूर्वी मोजणी होते. ती मोठ्यांनी डोकी मोजून न करता मुलांनी आपापला क्रमांक पुकारून करावी, म्हणजे कोणता क्रमांक गळला हे लगेच कळते.