खेळाडूची पारख

शिरूरच्या अथवा दौंडच्या मैदानावर बारा वर्षांची मुले फुटबॉल खेळू लागली, की त्यांतला थोराड मुलगा प्रथम डोळ्यांत भरतो. व्यावसायिक संघांचे अनुभवी पारखी मात्र एवढ्यावर भुलत नाहीत. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्या सवंगड्याहून जवळजवळ वर्षाने मोठा. पण दोघांचा वयोगट एकच! म्हणून उंची, वेग, चेंडूवरील ताबा यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवावी लागते. चेंडू पायाशी येण्यापूर्वी मुलगा मान वळवून सभोवार पाहतो काय, हेही टिपले जाते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्यात खेळाचे शिक्षण घेऊन २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो काही एका दिवसाच्या निवडीने नव्हे. एकाच सामन्यावरून निकाल दिला, तर उशिरा वाढणारा गुणी मुलगा कायमचा मागे पडतो. चांगला पारखी यंदा न निवडलेल्याचेही नाव वहीत राखून ठेवतो.