अडीच किलोचं बाळ आणि आजीचं तूप

आजचा भाग एका प्रश्नावरच करतोय. जयपूरला राहणाऱ्या एका मराठी आजींनी विचारलंय, "नातू अडीच किलोचा जन्मला. आता पाच वर्षांचा झाला, तरी अंगावर बाळसं म्हणून नाही. सूनबाई तूप मोजून वाढते. इथली मुलं बघा, घेवर-कचोरी खाऊन कशी गुटगुटीत! मी त्याला जरा चांगलं खाऊ घातलं तर बिघडलं कुठं?"

आजी, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर पुण्यात आहे आणि निम्मं तुमच्या शेजारच्या दिल्लीत.

आधी पुणं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास वजनाच्या या बायका. त्यांच्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. तिथलं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, आपलं 2.7 किलोचं. इथवर नवल नाही. नवल पुढं आहे. आपल्या बाळाचं पोट लहान, दंड बारीक, स्नायू कमी. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरली जाणारी चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळाइतकीच! म्हणजे दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. याज्ञिकांनी स्वतःचंही उदाहरण दिलं आहे. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची नऊ टक्के आणि याज्ञिकांची एकवीस. वजनकाट्यावर विश्वास किती ठेवायचा ते बघा.

आता स्नायू कमी असले तर काय होतं? जेवणानंतर रक्तात येणारी साखर सगळ्यात जास्त स्नायूच ओढून घेतात. ते गोदामच लहान असलं की साखर आत ढकलायला इन्सुलिन जास्त लागतं. दुसरीकडे, पोटाच्या आतली चरबी ही नुसती साठवण नसते. चरबीच्या पेशी फुगल्या की तिथं रोगप्रतिकारक पेशी जमा होतात, जणू कुठं जखम झाली आहे. त्या टीएनएफ-अल्फा, आयएल-6 असे रासायनिक निरोप सोडतात. यकृत त्यावर सीआरपी नावाचं प्रथिन बनवतं. ताप नाही, दुखत नाही, लाली नाही. पण राखेखालच्या निखाऱ्यासारखी बारीक धग चालू राहते. हाच दाह इन्सुलिनचं काम अडवतो आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही त्रास देतो. (हे ऐकून कोणी लगेच नातवाची सीआरपी तपासायला धावू नका. साध्या सर्दीनंसुद्धा ती वाढते.)

ही धग वाढवणाऱ्या गोष्टी ताटातच असतात असं नाही. आईचा वाढलेला मधुमेह किंवा लठ्ठपणा, चुलीचा धूर, घरात ओढली जाणारी विडी-सिगारेट, शहराची धूळभरली हवा, अपुरी झोप हे सगळं त्यात येतं. कुठल्या गोष्टीचा वाटा नेमका किती, हे वेगळं काढणं अवघड आहे, कारण एकाच घरात त्या सोबत राहतात.

पुण्याच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांचं फोलेट भरपूर पण बी-12 कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला जुमानत नसण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसलं. बी-12 वनस्पतीतून मिळत नाही. मारवाडी असो की मराठी, शाकाहारी घरात दूध-दही हाच मुख्य आधार. गरोदरपणी दूध, पालेभाज्या आणि फळं वरचेवर खाणाऱ्या बायकांची बाळं त्या गावांमध्ये अंगानं मोठी होती.

आता तुमचा तुपाचा वाटा. केईएममध्ये जन्मलेल्या 477 मुलांना आठव्या वर्षी तपासलं. मधुमेह-हृदयरोगाची धोक्याची चिन्हं सर्वांत जास्त कुणात? जन्मताना लहान आणि आठव्या वर्षी अंगानं भरलेली, त्यांच्यात. दिल्लीत 1969 ते 1972 मध्ये जन्मलेल्या जवळपास दीड हजार जणांचा अभ्यास तेच सांगतो. तिशीच्या आसपास ज्यांची साखर बिघडली, ती मुलं दोन वर्षांची असताना बारीक होती आणि पुढं बारा वर्षांपर्यंत त्यांचा बीएमआय सारखा वर चढत गेला. पण बाराव्या वर्षी त्यांतलं एकही मूल लठ्ठ म्हणावं असं नव्हतं! आपल्या सुदृढ बालक स्पर्धेत यांतली काही बक्षीसही घेऊन गेली असती.

म्हणून आजी, पहिल्या दोन वर्षांत लहान बाळानं वजन धरलं तर ते चांगलंच. तेव्हा कंजुषी नको. तुमचा नातू त्यापुढं आला आहे. आता उंची वाढू द्या, स्नायू वाढू द्या. वरणभातावर चमचाभर तूप सूनबाई वाढते तेवढं पुरे. डाळ, दूध, दही, चालत असेल तर अंडं, आणि संध्याकाळी तासभर पळापळ. घेवर सणाला. बालरोगतज्ज्ञांकडून उंची-वजनाचा तक्ता दर सहा महिन्यांनी भरून घ्या; रेष आपल्या वाटेनं चालली असेल तर मूल बारीक दिसलं तरी घाबरू नका. सहा वर्षांचा झाला की घरातल्या शिवणाच्या टेपनं कंबर मोजा. ती उंचीच्या निम्म्याहून कमी हवी.