ऐकण्याआधीच पेटलेला वाद

रसायनीत पियानो नाही. निदान माझ्या ओळखीच्या एकाही घरात नाही. पेटी आहे, तबला आहे, एका घरात सतारही आहे. तरी गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मोहोपाड्याला माझ्या घरी आम्ही चौघे एक पियानोची रचना ऐकायला बसलो. मी, कारखान्यातून निवृत्त झालेले माझे शेजारी, गाण्याचे क्लास घेणाऱ्या एक बाई आणि त्यांची एक विद्यार्थिनी. रचना साडेचार तासांच्या घरातली. विद्यार्थिनी तासाभरात क्लासचं निमित्त सांगून उठली. रविवारी कुठला क्लास, हे आम्ही विचारलं नाही. बाई मध्येच स्वयंपाकघरात गेल्या आणि पुन्हा येऊन बसल्या. शेजारी शेवटपर्यंत बसले आणि शेवटी म्हणाले, "चार तास कुणीतरी माळा आवरत होतं." त्यावरून जे भांडण जुंपलं ते दोन वेळा चहा होऊनही मिटलं नाही.

ही रचना म्हणजे कैखुश्रू शापूरजी सोराबजी यांची 'ओपस क्लाव्हिचेम्बालिस्टिकम'. तिच्यावरून श्रोत्यांत फूट पडणं नवं नाही. आमचं वेगळेपण असलंच तर एवढंच, की आम्ही ती ऐकून भांडलो. तिच्या आयुष्यातली जवळजवळ पन्नास वर्षं लोक ती न ऐकताच भांडत होते.

सोराबजी हे नाव वाचून आपल्याला जवळीक वाटते. त्यांना ती फारशी आवडली नसती. वडील शापूरजी मुंबईचे पारशी, स्थापत्य अभियंते, आई इंग्रज. मुलाचा जन्म १४ ऑगस्ट १८९२ रोजी एसेक्समधल्या चिंगफर्डचा, पाळण्यातलं नाव लिऑन डडली. पारशी नाव त्यांनी पुढे आपणहून घेतलं आणि मिरवलं. मात्र कुणी 'भारतीय संगीतकार' म्हटलं की ते उसळून उठत. आपण पारशी, म्हणजे मुळचे इराणी, असा त्यांचा आग्रह. तेव्हा त्यांच्या संगीतात रागदारी शोधू जाणाऱ्याची निराशा होते. त्यांचं दैवत फेरुच्चो बुसोनी. बाखच्या अपुऱ्या राहिलेल्या फ्यूगवर बुसोनीने जी 'फांताझिया कोंत्राप्पुंतिस्तिका' उभारली, तीच या रचनेची प्रेरणा.

रचना १९३०च्या जूनमध्ये लिहून झाली. अडीचशेच्या वर पानं, तीन खंड, बारा भाग. पियानोची स्वरलिपी एरवी दोन पट्ट्यांवर लिहितात, उजव्या हाताची वर आणि डाव्याची खाली. इथे तीन-तीन, चार-चार पट्ट्या लागल्या आहेत. हात मात्र दोनच. १ डिसेंबर १९३० रोजी ग्लासगोमध्ये एरिक चिझम या तरुण संगीतकाराच्या संस्थेने कार्यक्रम ठेवला आणि सोराबजींनी स्वतःच ती वाजवली. अर्पणपत्रिका स्कॉटिश कवी ह्यू मॅक्डायर्मिड यांच्या नावे आहे. पण तिथेच, बहुसंख्यांचे शिव्याशाप ज्यांच्या वाट्याला आले अशा मोजक्या माणसांच्या गौरवालाही ती वाहिली आहे. म्हणजे श्रोत्यांत फूट पडणार, हे रचनाकाराने पहिल्याच पानावर गृहीत धरलं होतं. थोडं मागितलंच होतं म्हणा ना!

मग १९३६चा मार्च आला. लंडनमध्ये जॉन टोबिन या वादकाने रचनेचा फक्त पहिला खंड सादर केला आणि त्याला जवळजवळ दुप्पट वेळ घेतला. द्रुत बंदिश कुणी विलंबितात, तीही अडखळत गायली तर काय होईल? ऐकणाऱ्यांनी दोष रचनेवर टाकला. समीक्षकांनी तेच केलं. सोराबजींनी त्यानंतर आपलं संगीत इतरांनी जाहीरपणे वाजवायला नकार दिला. स्वतःही ते लवकरच मंचावरून दूर झाले. संमतीविना जाहीर सादरीकरण करू नये, अशी ताकीदच छापील प्रतींवर असे.

हे मौन चाळीस वर्षं टिकलं. या काळात दोन पंथ तयार झाले. एक भक्तांचा. त्यांच्या हाती फक्त स्वरलिपी, तिची काळीभोर पानं पाहून ते भारावत. दुसरा टिंगल करणाऱ्यांचा: एवढं लांब कोण लिहितं, वेडाच लिहितो. जगातली सर्वांत लांब पियानोरचना म्हणून तिचं नाव विक्रमांच्या पुस्तकात गेलं, त्याने दोन्ही पंथांना खाद्य मिळालं. लांबीबद्दल बोलायला ऐकावं लागत नाही. या भांडणात सर्वांत मोठा अन्याय सोराबजींच्या हळुवार संगीतावर झाला, असं मला वाटतं. त्यांची 'ल जार्दां पार्फ्यूमे' ही रात्रीच्या बागेसारखी दरवळणारी रचना १९३०मध्ये बीबीसीवरून ऐकून अंध, आजारी डेलियसने फ्रान्समधून त्यांना पत्र लिहून दाद दिली होती. ते ऐकणारे कान पुढच्या पिढीला मिळालेच नाहीत.

बंदी उठली ती १९७६मध्ये, योन्टी सॉलोमन यांच्यासाठी. त्यानंतर १९८२मध्ये जेफ्री डग्लस मॅज यांनी नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला 'ओपस' सबंध वाजवलं. १९८८च्या जुलैत जॉन ऑग्डन यांनी ते लंडनमध्ये वाजवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोराबजी गेले, शहाण्णव वर्षांचे होऊन.

आता ऐकताना नेमकं अडतं कुठे? बाईंची पहिली तक्रार षड्जाची होती: "सा कुठे ठेवलाय, तेच कळेना." तक्रार खरी आहे. या संगीतात कान टेकवायला कायमची जागा नाही. पण माझ्या मते मोठी अडचण स्मरणाची आहे. फ्यूगमध्ये एक धून एका आवाजात येते, ती संपता संपता दुसरा आवाज तीच धून उचलतो, मग तिसरा. पहिला मात्र थांबत नाही. बाखची धून बहुधा आटोपशीर असते, दोनदा ऐकली की ओळखीची होते. सोराबजींची धून लांब आणि वळणावळणाची. ती मनात ठरायच्या आत दुसरा आवाज सुरू होतो. रचनेत असे चार फ्यूग आहेत आणि त्यांतल्या धुनांची संख्या वाढत जाते: पहिल्यात एक, मग दोन, तीन आणि शेवटच्यात चार. या धुना आधी एकेकट्या मांडून मग एकमेकींवर रचल्या जातात. अर्ध्या तासापूर्वीची धून ज्याला आठवते त्याला तिथे इमारत दिसते. ज्याला आठवत नाही त्याला गोंगाट ऐकू येतो. दोघेही प्रामाणिकच असतात. आमचे शेजारी कारखान्यात प्रक्रियेचे नकाशे वाचत आले, त्यांना हा भाग आवडेल असा माझा होरा होता. साफ चुकला.

बाई परत येऊन बसल्या त्या तिसऱ्या खंडातल्या पासाकाल्याला. पासाकाल्या म्हणजे एक ठरावीक धून पुन्हा पुन्हा येते आणि तिच्यावर दर फेरीला नवं काम होतं. इथे अशा ८१ फेऱ्या आहेत. आवर्तनाची सवय असलेल्या कानाला इथे दार सापडतं. बाई बोटांवर फेऱ्या मोजत होत्या, साठाच्या पुढे त्यांनी मोजणं सोडून दिलं आणि नुसत्या ऐकत राहिल्या. "हा लेहरा आहे," त्या म्हणाल्या, "फक्त सम सांगत नाही." पाश्चात्त्य संगीत शिकलेल्याला ही तुलना ढोबळ वाटेल. मला ती त्या दिवशीची सर्वांत नेमकी टीका वाटली.

यात एक पेच उरतोच. आम्ही ऐकलं ते ऑग्डन यांचं ध्वनिमुद्रण. त्यात आवेग थक्क करणारा आहे. पण त्यात आणि मॅज यांच्या वादनातही छापील स्वरांपासून बरीच फारकत आहे, असं स्वरलिपी समोर ठेवून ऐकणारे सांगतात. मग शेजाऱ्यांना जो गोंगाट वाटला त्यातला सोराबजींचा किती आणि दमलेल्या बोटांचा किती? १९३६च्या लंडनचाच हा प्रश्न, जरा सौम्य होऊन परत आलेला. अलीकडे जोनाथन पॉवेल यांच्यासारखे वादक हे संगीत वर्षानुवर्षं हातात मुरवून वाजवतात. सोराबजींची त्याहून लांब, 'दिएस इरे' या जुन्या धुनेवरच्या २७ बदलांची रचना त्यांनी ध्वनिमुद्रित केली आहे. ती आठ तासांहून मोठी आहे.

तिचं नाव मी शेजाऱ्यांसमोर अजून काढलेलं नाही. बाईंनी पासाकाल्या तेवढा पेन ड्राइव्हवर मागून नेला. गेल्या आठवड्यात स्टेशनच्या रस्त्यावर त्या भेटल्या, तेव्हा म्हणाल्या, चाळिसाव्या फेरीपर्यंत पोचलेय, तिथून पुढे अजून नीट उलगडत नाही. शेजारी बरोबरच होते. त्यांनी नुसती मान हलवली आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.