सहा वर्षांचं पोरगं, मातीचा ट्रॅक आणि सीटबेल्ट गायब! अमेरिकेतलं डर्ट कार्टिंग नेमकं चालतं कसं?

मातीचा गोल ट्रॅक. जमिनीला जवळपास टेकलेली चिमुकली गाडी. आणि तिच्यात भलंमोठं हेल्मेट घातलेलं सहा-सात वर्षांचं पोरगं, धूळ उडवत वळण घेतंय. अमेरिकेतल्या अशा रील अधूनमधून फिरत असतात आणि खाली एक कमेंट हमखास असते, ‘आईबापाला अक्कल आहे का? साधा सीटबेल्टसुद्धा नाही!’

सीटबेल्ट नाही हे खरंय. पण तो लावायचा राहिलेला नाही, तो मुद्दामच दिलेला नाही.

कारमध्ये बेल्ट आपल्याला वाचवतो, कारण डोक्यावर छप्पर असतं. कार्टला ना छप्पर, ना दारं. ती उलटली आणि पोरगं बेल्टने बांधलेलं असलं, तर गाडीचा सगळा भार त्याच्या डोक्यावर आणि मानेवर येणार. त्यापेक्षा ते बाहेर फेकलं गेलेलं बरं, असा हा हिशोब. याच मातीच्या ट्रॅकवर ‘चॅम्प कार्ट’ नावाचा एक प्रकार पळतो. त्याला चारी बाजूंनी लोखंडी पिंजरा असतो आणि तिथे मात्र बेल्ट सक्तीचा. थोडक्यात, पिंजरा आणि बेल्ट असले तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

आता फेकलं जायचंच म्हटल्यावर सगळी भिस्त अंगावरच्या सामानावर येते. त्यात पहिलं हेल्मेट. मोठ्यांचं हेल्मेट पोरांना चालत नाही, कारण ते जड असतं आणि लहान मुलांची मान तेवढी मजबूत नसते. म्हणून ‘स्नेल’ या अमेरिकन संस्थेने मुलांच्या हलक्या हेल्मेटसाठी ‘सीएमआर’ नावाचं वेगळं मानक ठरवलं. १९५६ मध्ये पीट स्नेल हा रेसर हेल्मेट असूनही डोक्याला मार लागून गेला, त्याच्या नावाने पुढच्या वर्षी ही संस्था उभी राहिली. योगायोग असा, की आर्ट इंगल्सने गवत कापायच्या मशीनचं इंजिन लावून पहिली कार्ट बनवली तीही १९५६ मध्येच, कॅलिफोर्नियात.

दुसरी गोष्ट छातीचं कवच. मुलांच्या बरगड्या लवचिक असतात. स्टिअरिंग छातीवर नेमक्या चुकीच्या क्षणी आदळलं, तर एकही हाड न मोडता हृदय बंद पडू शकतं. म्हणून अनेक संघटना लहान गटांना ‘एसएफआय २०.१’ शिक्का असलेलं कवच सक्तीचं करतात. शिवाय मानेभोवती कॉलर, घासलं तरी न फाटणारं जॅकेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट.

आणि केस! कार्टचा मागचा ॲक्सल उघडाच गरगर फिरत असतो. लांब केस टोपडीत आणि जॅकेटच्या आत गेलेच पाहिजेत. ही फक्त अमेरिकेची गोष्ट नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादजवळ गो-कार्टच्या चाकात केस अडकून एका तरुणीचा जीव गेला होता. पिकनिकला जाऊन भाड्याची कार्ट चालवणाऱ्यांनी ओढणी आणि वेणी आधी बघावी.

मग पाच वर्षांच्या आणि पंधरा वर्षांच्या पोरांना एकत्र पळवतात का? तर नाही. वयानुसार गट पडतात आणि वयाच्या सीमा प्रत्येक संघटनेच्या वेगळ्या. खरी गंमत इंजिनात आहे. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ‘एलओ २०६’ हे २०४ सीसीचं इंजिन कंपनीतूनच सील होऊन येतं, म्हणजे आत हात घालायला वाव नाही. लहान गटांत त्याच्या कार्ब्युरेटरमध्ये अशी स्लाइड बसवतात, की ॲक्सिलरेटर कितीही दाबा, तो पूर्ण उघडतच नाही. वय वाढलं की स्लाइड बदलायची, इंजिन तेच. पालकांचा खिसाही वाचतो.

वजनाचंही तसंच. गाडी आणि ड्रायव्हर मिळून गटाने ठरवलेलं किमान वजन भरावंच लागतं. बारीक पोरांच्या सीटला चक्क शिशाचे तुकडे बोल्टने आवळतात. रेस संपल्यावर काट्यावर वजन कमी भरलं, तर जिंकलेला नंबरही जातो.

ट्रॅक गोल, त्यामुळे सगळी वळणं डावीकडेच. कार्टला डिफरन्शियल नसतं, दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात. म्हणून उजवं मागचं टायर जरा मोठं लावतात, की गाडी आपसूक डावीकडे ओढली जाते. कागदी चहाचा कप आडवा करून ढकला, तसंच.

२०२१ चा नासकार कप जिंकणारा काइल लार्सन सातव्या वर्षी कॅलिफोर्नियात मातीवरच्या कार्टमधूनच सुरू झाला. पण त्या ‘आउटलॉ कार्ट’ होत्या, म्हणजे पिंजरा आणि बेल्टवाल्या.

आपल्याकडे कार्टिंग डांबरी ट्रॅकवर चालतं. राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवरही झाल्यात. तिथल्या ‘मायक्रो मॅक्स’ या लहान गटाचं रोटॅक्स इंजिन मोठ्यांसारखंच १२५ सीसीचं असतं, फक्त रिस्ट्रिक्टर लावून त्याचा दम कमी केलेला असतो.