हत्शेपसुतचे नाव कोणी, केव्हा आणि का खोडले?

हत्शेपसुत ही प्राचीन इजिप्तच्या अठराव्या राजवंशातील फारो. पहिल्या थुटमोसची मुलगी, दुसऱ्या थुटमोसची सावत्र बहीण व पट्टराणी आणि तिसऱ्या थुटमोसची सावत्र आई. तिचा काळ साधारण इ.स.पू. 1479 ते 1458 असा धरतात. तिच्याविषयी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते: सावत्र आईने पोरक्या मुलाची गादी बळकावली, वीस वर्षे त्याला दाबून ठेवले आणि ती मरताच त्याने सुडाने पेटून देशभरातल्या भिंतींवरून तिचे नाव खोडून काढले. पुस्तकांतून, माहितीपटांतून आणि प्रवासवर्णनांतून ही गोष्ट इतकी फिरली आहे, की ती इतिहास म्हणूनच स्वीकारली जाते. तिच्यात खरे एवढेच आहे, की तिसऱ्या थुटमोसच्या कारकिर्दीत तिचे नाव खोडले गेले. बाकीचा प्रत्येक दुवा पुराव्यापाशी तुटतो.

हे कळण्यासाठी आधी तिची नावे पाहावी लागतात. इजिप्तच्या राजाला त्या काळी पाच नावे असत. होरस नाव, 'दोन देवींचे' नाव, सुवर्ण होरस नाव, राज्याभिषेकाचे नाव आणि जन्मनाव. यांतली शेवटची दोन लंबगोल चौकटीत कोरली जात. या चौकटीला कार्तूश म्हणतात. हत्शेपसुतने ही पाचही नावे घेतली. वोसरेतकाऊ, म्हणजे 'का'-शक्तींनी बलवान. वाजेतरेनपूत, म्हणजे वर्षांनी बहरलेली. नेचेरेतखाऊ, म्हणजे प्रकट होण्यात दिव्य. राज्याभिषेकाचे नाव मआतकारे. मआत म्हणजे सत्य व सुव्यवस्था, रे हा सूर्यदेव आणि 'का' ही जीवनशक्ती. सुव्यवस्था हीच सूर्यदेवाची जीवनशक्ती, असा त्या नावाचा आशय. हत्शेपसुत हे जन्मनाव. अर्थ, कुलीन स्त्रियांमध्ये अग्रणी. त्याला तिने 'खेनेमेत-आमून', म्हणजे आमून देवाशी एकरूप झालेली, ही जोड दिली. इजिप्शियन लिपीत स्वर लिहिले जात नसल्याने या नावांचे उच्चार अभ्यासकांनी सोयीसाठी ठरवलेले आहेत. हत्शेपसुत की हॅटशेपसुट, या वादात म्हणूनच अर्थ नाही.

इथेच दुसरा मोठा गैरसमज कोसळतो. हत्शेपसुतने पुरुषाचे सोंग घेऊन प्रजेला फसवले, असे सांगितले जाते. पुरावा म्हणून तिच्या पुतळ्यांवरची राजाची खोटी दाढी आणि आखूड वस्त्र दाखवले जाते. पण वरच्या नावांतला 'त' पाहावा. वोसरेत, नेचेरेत, खेनेमेत यांच्या अखेरचा 'त' हा इजिप्शियन भाषेतला स्त्रीलिंगी प्रत्यय आहे. तिच्या शिलालेखांत 'रेची कन्या' असा उल्लेख येतो, सर्वनामे बरेचदा स्त्रीलिंगी येतात. मराठीत 'राजा आली' म्हणावे, तशी ती भाषा आहे. त्या घराण्यातले राजे होरस नावाच्या आरंभी 'बलवान बैल' हे बिरुद लावत; हत्शेपसुतने नेमके तेच वगळले. जिला स्त्रीपण लपवायचे आहे, ती स्वतःच्या नावांत ते पुन्हा पुन्हा कोरत नाही. दाढी आणि वस्त्र ही राजपदाची चिन्हे होती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तिचा एक बसलेला पुतळा आहे. त्यात राजाचे शिरोवस्त्र आहे आणि शरीर उघडउघड स्त्रीचे आहे.

आता गादी बळकावण्याविषयी. दुसरा थुटमोस वारला तेव्हा त्याचा वारस तिसरा थुटमोस, इसेत या दुय्यम राणीचा मुलगा, अगदी लहान होता. हत्शेपसुत त्याच्या वतीने कारभार पाहू लागली आणि पुढे स्वतः राजा झाली. हा बदल सातव्या वर्षापर्यंत झालेला होता. तिचा विश्वासू अधिकारी सेनेनमुत याच्या आईवडिलांचे थडगे 1936 मध्ये सापडले. त्यातल्या मातीच्या एका घड्यावर सातवे वर्ष लिहिलेले आहे आणि तिथल्याच मुद्रांवर 'मआतकारे' हे राजनाव उमटलेले आहे.

पण ते सातवे वर्ष कोणाचे? तिसऱ्या थुटमोसचे. पुंत देशाची प्रसिद्ध मोहीम नवव्या वर्षाची, कर्नाक मंदिरातले ओबेलिस्क (एकाच दगडाचे उंच स्तंभ) पंधराव्या-सोळाव्या वर्षातले, हे सगळे आकडे त्या मुलाच्या राज्यारोहणापासून मोजलेले आहेत. तिने नवी कालगणना सुरू केली नाही. त्याचे राजपद रद्द झाले नाही, त्याची नावे काढली गेली नाहीत. कर्नाकच्या 'लाल चॅपेल'च्या शिळांवर दोघेही राजवेषात एकत्र दिसतात. ती पुढे, तो मागे. वरिष्ठ ती होती, हे निर्विवाद. पण एका वेळी दोन राजे होते, हेही तितकेच निर्विवाद. तिच्या पश्चात लगेच, तेविसाव्या वर्षी, थुटमोस सैन्य घेऊन मगिद्दो या शहरावर चालून गेला आणि जिंकला. कोंडून ठेवलेल्या राजपुत्राला असे तयार सैन्य आणि असे सेनापतिपद एका वर्षात मिळत नाही.

मग नाव खोडले ते कधी? सगळ्या कथेचा जीव याच प्रश्नात आहे, आणि नेमका तोच फारसा कोणी विचारत नाही. चार्ल्स निम्स या अभ्यासकाने 1966 मध्ये कर्नाकच्या बांधकामांचा क्रम तपासून दाखवले, की ही खोडाखोड तिसऱ्या थुटमोसच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या आधीची असू शकत नाही. हत्शेपसुतची सत्ता संपली बाविसाव्या वर्षी. मध्ये किमान वीस वर्षे गेली. त्याआधी याच थुटमोसने तिचे अपुरे लाल चॅपेल पुढे बांधायला घेतले होते. वरचे थर त्याच्या नावाचे आहेत. ज्या सावत्र आईचा द्वेष आहे, तिचे देऊळ कोणी पुरे करायला घेत नाही. वीस वर्षे थांबून, म्हातारपणी हाती घेतलेल्या कामाला 'ती मरताच उसळलेला संताप' म्हणणे हा पुराव्याचा अपमान आहे.

खोडाखोडीची पद्धतही पाहण्यासारखी आहे. देर एल-बहारीच्या तिच्या मंदिरात काही भिंतींवर छिन्नी आकृतीच्या कडेकडेने इतकी नेमकी चालली आहे, की उरलेल्या खडबडीत दगडातून तिची बाह्यरेषा आजही ओळखू येते. शेजारचे देव, नैवेद्य, चित्रलिपी शाबूत आहेत. खोडले गेले ते राजा म्हणून असलेले तिचे रूप आणि नाव. राणी म्हणून असलेल्या तिच्या प्रतिमांना सहसा हात लागलेला नाही. रिकाम्या चौकटींत अनेकदा नाव आले ते पहिल्या किंवा दुसऱ्या थुटमोसचे. मआतकारेच्या चौकटीत सूर्यबिंब, बसलेली मआत देवी आणि वर उचललेले दोन हात अशी तीन चिन्हे असतात. पहिल्या थुटमोसच्या आखेपरकारे या नावातही ते सूर्यबिंब आणि ते हात आहेतच. बदलायचे असते ते मधले. चौकट अशी बदलली, तरी भोवतीच्या मजकुरातले स्त्रीलिंगी प्रत्यय ठिकठिकाणी तसेच राहून गेले. 1829 मध्ये चित्रलिपी उलगडणारा शाँपोल्यों तिथे पोचला तेव्हा दाढीवाल्या राजाबद्दल स्त्रीलिंगी भाषा वाचून तो चक्रावला होता.

या सगळ्याचा अर्थ वैयक्तिक सुडापेक्षा वारसाहक्काशी जुळतो. पहिला थुटमोस, दुसरा, तिसरा आणि मग त्याचा मुलगा दुसरा अमेनहोतेप, अशी बाप-लेकांची सरळ रांग भिंतींवर दिसावी, हा हेतू बहुतेक अभ्यासकांना सर्वांत संभवनीय वाटतो. अमेनहोतेपला थुटमोसने आपल्या अखेरच्या वर्षांत सहराजा केले, म्हणजे काळही जुळतो.

राहता राहिले फोडलेले पुतळे. 1920च्या दशकात मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या हर्बर्ट विनलॉक यांनी देर एल-बहारीजवळच्या खड्ड्यांतून त्यांचे तुकडे उपसले आणि त्यात थुटमोसचा राग वाचला. सुडाच्या कथेला बळ मिळाले ते तिथून. जून यी वाँग यांनी 2025 मध्ये 'अँटिक्विटी' या नियतकालिकात त्याच उत्खननाच्या नोंदी पुन्हा तपासून वेगळे चित्र मांडले. अनेक पुतळे मान, कंबर आणि गुडघे अशा ठराविक ठिकाणी मोडलेले आहेत, आणि बऱ्याच पुतळ्यांचे चेहरे शाबूत आहेत. पुतळ्यातली शक्ती काढून घेण्यासाठी इजिप्तमध्ये इतर राजांचे पुतळेही असेच मोडले जात. शिवाय पुढच्या लोकांनी दगड म्हणून त्यांचा वापर केला, त्याचे घावही त्यांवर आहेत.

उरलेल्या गैरसमजांना एकेक ओळ पुरे. हत्शेपसुत ही पहिली स्त्री फारो नव्हे; तिच्या सुमारे तीनशे वर्षे आधी सोबेकनेफेरू पूर्ण राजनावांसह गादीवर होती. 'फारो' हे राजाचे मूळ बिरुद नाही. 'पेर-आ', म्हणजे थोरले घर, हा राजवाड्यासाठीचा शब्द राजासाठी वापरला जाऊ लागला तोच मुळी या सुमारास. 2007 मध्ये एका दाताच्या आधारे तिची ममी ओळखल्याचे जाहीर झाले, पण त्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आणि तिचे नाव पूर्णपणे पुसले गेले, हेही खरे नाही. कर्नाकला तिचा सुमारे साडेएकोणतीस मीटर उंच ओबेलिस्क अजून उभा आहे, तिच्या लेखासह.

अबिदोसच्या मंदिरात पहिल्या सेतीने कोरवलेल्या राजांच्या यादीत ती नाही. पण इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या मनेथो या इजिप्शियन पुरोहिताच्या यादीत, ज्यू इतिहासकार जोसेफसने उतरवून ठेवल्यामुळे, अमेसिस नावाची एक राणी टिकून आहे. ती हत्शेपसुतच असे मानले जाते. मनेथो तिची कारकीर्द 21 वर्षे 9 महिने सांगतो. तिसऱ्या थुटमोसच्या राज्यारोहणापासून त्याच्या बाविसाव्या राज्यवर्षात आलेल्या सहाव्या महिन्याच्या (हा महिना पंचांगाचा, राज्यारोहणापासून मोजलेला नव्हे) दहाव्या दिवसापर्यंत, म्हणजे अरमांतच्या शिळेवरून तिचा मृत्युदिन मानला जातो तिथपर्यंत, मोजले तर जवळजवळ तेवढाच काळ भरतो.